नकाशावरचं कॅलेंडर

वर्तकनगरात, वसाहतींच्या मागच्या अंगाला, लोकरीच्या एका कंपनीनं भाड्यानं घेतलेला बंगला होता. फाटकावर 'गेस्ट हाउस' अशी पाटी होती. पण रिक्षावाल्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्याला मनुबाईचा बंगला म्हणत. मालक कोण, भाडं कोण भरतं, याच्याशी त्यांना काय करायचं होतं? दार उघडायला जी बाई येते, तिचा बंगला.

मनुबाई तिथली स्वयंपाकीण. चेंदणी कोळीवाड्यातली. अंगानं सडसडीत, आवाज मात्र बाजारात कमावलेला. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारायला तिला खिडकीशीही जावं लागत नसे. समोर साहेब असो की भंगारवाला, बोलण्याचा सूर एकच. आधी ती या बंगल्यावर मासे विकायला यायची. मासे द्यायला येणारी बाई मासे शिजवायला कशी राहिली, हे सांगायचं तर खाडीपासून सुरुवात करावी लागेल.

खाडीत डोल जाळं लावायचं तर आधी तळात लाकडी खुंट रोवावे लागतात. कुणाचा खुंट कुठं, हे आज्यापणज्यापासून ठरलेलं असतं आणि चांगल्या जागेचा मान शेतजमिनीपेक्षा कमी नसतो. मनुबाईचा नवरा दाजी आणि धाकटा दीर नाथा यांचं अशाच एका जागेवरून बिनसलं. बाप गेला तो जागा कुणाची हे न सांगताच गेला. दाजी म्हणे थोरल्याची. नाथा म्हणे, बाप अंथरुणाला खिळला तेव्हापासून जाळं मीच लावतोय. दोघं बोलेनासे झाले. घर एकच, मधे कुडाची भिंत, आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाऊ एकमेकांचा खोकला ऐकत झोपत.

बायकांना असा अबोला परवडत नाही. मासळी वाळवायचा ओटा एक, पाण्याचा नळ एक. मनुबाई आणि तिची जाऊ तुळसा यांनी कधी तोंडानं ठरवलं नाही, पण काही रिवाज आपसूक पडले. नवऱ्यांचे निरोप पोचवायचे, ते कामापुरते. 'होडीला डांबर लावलंय, आज ओढू नको' एवढं भिंतीपलीकडे जायचं. त्याच्या मागंपुढं लावलेल्या शिव्या वाटेत सांडायच्या. लग्नकार्यात दोघांना एकाच पंगतीला बसवायचं, पण समोरासमोर नाही. आणि खुंटाचा विषय दोघी जावांनी आपसात चुकूनही काढायचा नाही. या रिवाजांवर ते घर कितीतरी वर्षं उभं राहिलं.

मग एका वादळात दाजीची होडी उलटली. तो सापडला नाही. अबोला धरलेला नाथा स्वतःची होडी घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत त्याला शोधत फिरला, जेवणखाण सोडून फिरला, आणि रिकाम्या हातानं परत आला तो सरळ आपल्या दारात शिरला. भावजयीशी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर रडला असता, असं तुळसा म्हणायची. पुढं खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं. ज्या जागेवरून दोन भाऊ तुटले, तिथं जाळ्यात चिखल आणि रॉकेलचा वास मारणारी चार बोयटं येऊ लागली. मनुबाईनं मासळीची पाटी खाली ठेवली आणि बंगल्याचं स्वयंपाकघर धरलं, राहायलाही तिथंच आली. तिची मुलगी मालू तेव्हा नर्सिंगच्या शिक्षणाला नुकतीच लागली होती. मागं परतायला खाडी उरली नव्हती.

बंगल्याची व्यवस्था पाहायला कंपनीचे बाळ फणसे होते. डोंबिवलीचे. नीटनेटके, शब्दाला पक्के गृहस्थ. मनुबाई त्यांना 'दादूस' म्हणायची, म्हणजे कोळ्यांच्या बोलीत मोठा भाऊ, आणि ते तिला अहोजाहो करत.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर कंपनीनं लोकर विंचरायची नवी यंत्रं इंग्लंडहून आणली आणि लोकर आणली अर्जेंटिनाहून. यंत्रांबरोबर वॉर्ड नावाचा इंग्रज आला: उंच, लालबुंद, पन्नाशी ओलांडलेला. लोकरीबरोबर रोमेरो आला: ठेंगणा, मिशाळ, मेंढ्यांच्या मुलखातला. लोकर कशी धुवायची हे रोमेरोनं बसवून द्यायचं आणि धुतलेली लोकर विंचरण्याचं वॉर्डनं. दोघं मिळून काम सुरळीत चालवून दाखवतील तेव्हा कंपनी माल घेणार होती. दोघांची मुदत वर्षअखेरीपर्यंत.

कंपनीनं गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून जेवणाच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा लावला होता. पहिल्याच रात्रीच्या जेवणाला रोमेरो हातात चमचा घेऊन त्या नकाशापाशी गेला, खाली, पार दक्षिणेला, आपल्या देशाच्या उजव्या अंगाला असलेल्या दोन ठिपक्यांजवळ थांबला, खिशातून पेन काढलं आणि तिथलं नाव खोडून दुसरं लिहिलं. वॉर्ड जागेवरून उठला, त्यानं रोमेरोनं लिहिलेलं नाव खोडून पहिलं परत लिहिलं. मग दोघं एकमेकांकडे पाहून जे काही बोलले ते मनुबाईला कळलं नाही, पण बाजारात आयुष्य घालवलेल्या बाईला भांडण कळायला भाषा लागत नाही. दोन्ही ताटं अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी फणशांनी तिला समजावून सांगितलं. ते ठिपके म्हणजे बेटं, ती इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वी बळकावली असं अर्जेंटिनावाले म्हणतात. आपल्याकडून इंग्रज गेले तसे तिथून गेले नाहीत. तिथं राहणारे लोक इंग्रजच आहेत, त्यांना जायचं नाही, असं इंग्रजांचं म्हणणं. वर्षभरापूर्वी त्यावरून लढाई झाली, इंग्रज जिंकले, आणि आता दोन्ही देशांत बोलणंचालणं बंद.

"काय पिकतं तिथं?" मनुबाईनं विचारलं.

फणशांनी जरा विचार केला. "मेंढ्या असतात म्हणे. बाकी वारा."

"म्हणजे आमच्या खुंटासारखंच."

मग फणसे मुद्द्यावर आले. दोघांपैकी एकजण जरी निघून गेला तर यंत्रं ताडपत्रीखाली पडून राहतील, आणि कंपनी सगळ्यात आधी हा बंगला सोडील. तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, ते मी बघतोय. पण बंगलाच गेला तर माझ्या हातात काही नाही. हे सांगताना ते तिच्याकडे न बघता फाटकाकडे बघत होते. मनुबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, यांच्या जायला अजून किती अवकाश? वर्षअखेर, ते म्हणाले. म्हणजे डिसेंबर संपेपर्यंत दोन बापयांना एका घरात नांदवायचं. हे काम तिला नवं नव्हतं.

पहिलं काम तिनं त्याच दुपारी केलं. स्वयंपाकघरातलं महालक्ष्मीचं कॅलेंडर काढून तिनं नकाशावर टांगलं, नेमकं त्या दोन ठिपक्यांवर. कॅलेंडर मोठं होतं, त्याच्याखाली अर्धा अर्जेंटिनाही गेला. रोमेरोनं संध्याकाळी ते पाहिलं, भुवया उंचावल्या, आणि आपला मुलूख देवीनं पोटाशी घेतला म्हणून असेल, काही बोलला नाही. वॉर्डनं फक्त तारीख पाहिली.

मग जेवणाच्या वेळा. आधी वॉर्ड, त्याचं उरकलं की रोमेरो. खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला, म्हणजे चुकून एकत्र आलेच तर समोरासमोर यायला नकोत. आणि मग निरोप. कारखान्यात मधे फोरमन असे, पण तिथं दिवसभर साठलेला राग घरी येऊन ताटावर बाहेर पडायचा. लोकर नीट धुतली नाही तर यंत्राचे दात अडकत. वॉर्ड म्हणे लोकर घाण, रोमेरो म्हणे यंत्र खराब. दोघांनाही इंग्रजी येत होतं. पण बोलायचं नाही म्हणजे नाही. सगळं मनुबाईला सांगायचे, तेही मोठ्यानं, म्हणजे पलीकडच्या खोलीत ऐकू जावं.

वॉर्ड म्हणायचा, त्या माणसाला सांग, डुकरं तरी याच्या लोकरीपेक्षा स्वच्छ असतात. हे शब्द मनुबाईला थोडेफारच कळत, पण सूर सगळा कळे. ती रोमेरोच्या दाराशी जाऊन सांगायची, "वॉर्ड साब टेल, वूल वन मोर वॉश." रोमेरो त्यावर वॉर्डच्या यंत्राच्या आजोबापासून सुरुवात करायचा. ती परत येऊन सांगायची, "रोमेरो साब टेल, ओके. मशीन गो स्लो." सगळ्या शिव्या मधल्या बोळात सांडलेल्या. दोघंही मूळ वाक्य भिंतीतून ऐकत आणि मग तिचं वाक्यही ऐकत, आणि तिचं वाक्य इतकं सरळ असे की त्याला उत्तर द्यायला कामाचंच काहीतरी बोलावं लागे. असं करत यंत्र कासवगतीनं का होईना, चालायला लागलं.

एकदा वॉर्ड फणशांना म्हणाला, आमच्या दोन सरकारांचं सध्या असंच चालतं. वकिलाती बंद आहेत. तिकडं आमचे निरोप स्वित्झर्लंड पोचवतं, आमच्याकडं त्यांचे ब्राझील. तुमची ही बाई एकटी दोन्ही देशांचं काम करते. फणशांनी ते मनुबाईला सांगितलं.

"त्या देशांना जेवणपण करावं लागतं काय?" तिनं विचारलं आणि कांदा चिरायला घेतला.

रोमेरो संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर स्टूल घेऊन बसायचा. त्याला मनुबाईचं कोलंबीचं कालवण आवडायचं, आणि भाजलेला बोंबील तर तो शेगडीवरून उचलून खायचा. मनुबाई त्याला मायेनं शिव्या द्यायची, आणि त्याही तो आवडीनं शिकायचा. फडताळावर दाजीचा फोटो होता, त्याला प्लास्टिकचा हार. एके दिवशी त्यानं हाराकडे बोट दाखवून विचारलं. मनुबाईनं सांगितलं, "माय मॅन. सी. नो कम." फोटोला हार म्हणजे माणूस गेलेला, हे तिनं डोळे मिटून, हात जोडून दाखवलं. रोमेरो स्टुलावरून उठून फोटोपाशी गेला. मग पाकिटातून एक लहानसा फोटो काढून त्यानं तिच्या हातात दिला. खलाशाच्या टोपीतला एक पोरगा. त्याच्या बहिणीचा मुलगा. लढाईत जहाज बुडालं त्यावर होता. तोही सापडला नव्हता.

मामा आहे हे कळल्यावर मनुबाईच्या मनात रोमेरोची जागा बदलली. पण वॉर्डवर म्हणून तिनं राग धरला नाही. वॉर्डच्या टेबलावरही एक फोटो होता, ती रोज पुसायची. त्यातला पोरगाही खलाशी. कपडे वेगळे, टोपी वेगळी, वय तेच. वॉर्ड त्याच्याविषयी कधी बोलत नसे. रविवारी सकाळी मात्र तो फोटो पुढ्यात घेऊन बसायचा आणि चहा गार होऊ द्यायचा.

दिवाळी झाली. त्यानंतर आठवडाभरानं एका सकाळी वॉर्ड काळा कोट घालून खोलीतून बाहेर आला, बागेत जाऊन सरळ उभा राहिला, थोडा वेळ मान खाली घातली आणि काही न खाता कारखान्यात गेला. मनुबाई खोली झाडायला गेली तेव्हा तिला फोटोच्या चौकटीच्या कोपऱ्यात एक लाल कागदी फूल खोचलेलं दिसलं. काल नव्हतं. ती केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली.

वर्षातून एक दिवस. काळे कपडे. उपास. फोटोला फूल. आणखी काय कळायचं राहिलं होतं? म्हणजे याचाही पोरगा त्याच पाण्यात गेला. बिचारा परदेशात एकटा, वर्षश्राद्धाला ताजं फूलही मिळालं नाही म्हणून कागदाचं लावलं. तिला स्वतःचाच राग आला. एका घरातल्या दोन दुखवट्यांपैकी एकाचीच खबर आपण ठेवली. ती तशीच बाजारात गेली, झेंडूचा ठसठशीत हार आणला, फोटोला घातला, खाली उदबत्ती लावली. कागदी फूल तिनं काढलं नाही. त्यांच्यात तसं असेल.

त्या दिवशी रोमेरो आधी परतला. वॉर्डच्या खोलीचं दार वाऱ्यासाठी उघडं होतं. जाता जाता त्याची नजर आत गेली आणि तो थांबला. मग स्वयंपाकघरात येऊन त्यानं मनुबाईला खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली. "सन. सी," ती म्हणाली. हे तिला कुणी सांगितलं, ते त्यानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती म्हणाली असती की सांगावं कशाला लागतं.

रोमेरो आपल्या खोलीत गेला. बाहेर आला तो कोट-टाय घालून, केस विंचरून. व्हरांड्यातल्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसून राहिला. अंधार पडायच्या सुमारास कंपनीची गाडी आली. वॉर्ड उतरला, त्याच्यामागून फणसे. रोमेरो उठला, पायऱ्या उतरून खाली गेला आणि ज्या माणसाशी तो पहिल्या रात्रीनंतर एक शब्द बोलला नव्हता त्याचा हात दोन्ही हातांत धरून हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मनुबाईनं दारातून ऐकलं. तिला 'सॉरी' आणि 'सन' एवढेच शब्द कळले.

वॉर्डचा लालबुंद चेहरा पांढरा पडला. त्यानं रोमेरोचा दंड पकडला. कुणाचा फोन आला, कधी आला, कुणी सांगितलं, असं तो एकामागून एक विचारत सुटला. रोमेरो गोंधळला आणि त्यानं खोलीकडे बोट केलं. वॉर्ड धावत आत गेला. हार पाहिला, उदबत्ती पाहिली आणि खाटेवर मटकन बसला.

फणशांनी मनुबाईकडे पाहिलं. तिनं सकाळची हकीकत सांगितली तसे त्यांनी कपाळ धरलं. काळ्या कोटाचं कारण त्यांनी त्याच दिवशी वॉर्डला विचारलं होतं. वॉर्डचा मुलगा धडधाकट होता. आरमारात होता, लढाईवर गेला होता, पण परतही आला होता. ते कागदी फूल त्यांच्याकडे लढायांत गेलेल्या सगळ्यांसाठी नोव्हेंबरात लावतात. मुलाच्या जहाजावरची काही पोरं परत आली नाहीत, म्हणून बापानं ते मुलाच्या फोटोला लावलं, इतकंच.

जिवंत पोराला हार घातला. कोळीवाड्यात एखादीनं असं केलं असतं तर त्या घरची बाई तिच्या झिंज्या धरून तिला खाडीपर्यंत घेऊन गेली असती, आणि कुणी सोडवायला आलं नसतं. नोकरी गेली हे तिला दिसतच होतं. मालूचं शिक्षणही दिसत होतं. ती मागच्या दारानं चेंदणीला निघून गेली असती तर त्या घटकेला कुणी अडवलं नसतं. फणसे तर म्हणालेच, आज तुम्ही घरी जा, मी सांभाळतो.

ती गेली नाही. वॉर्डच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि फणशांना म्हणाली, मी बोलते तसं सांगा, मधलं गाळू नका.

"साहेब, चूक माझी हाय. या साहेबाची नाय. हा दुखवट्याला आला, भांडायला नाय आला." मग जरा थांबून, "आमच्यात जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी आली तर त्याचं आयुष्य वाढतं. पोर तुमचा म्हातारा होऊन मरंल. पण मला त्याची दृष्ट काढू द्या. तेवढं केल्याबिगर मी हितनं हलायची नाय. मग कामावरनं काढा."

फणशांनी मधलं काही गाळलं नाही. वॉर्डनं स्वतःच्या हातानं हार काढून बाजूला ठेवला आणि फोटो तिच्यापुढं धरला.

मनुबाईनं शेगडी बोळात आणली. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन तिनं ती मूठ फोटोवरून उतरवली, तोंडानं आल्यागेल्याची, भुताखेताची, पाण्यातल्या आणि पाण्याबाहेरच्या सगळ्यांची नजर काढली आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली. मिरच्या तडतडल्या. धूर असा उठला की फणसे रुमाल तोंडाला लावून बाहेर पळाले. वॉर्ड खोकायला लागला, रोमेरो खोकायला लागला, दोघांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. खोकता खोकता वॉर्डला हसू फुटलं. रोमेरोनं मनुबाईकडे शिकलेली एक कोळीवाड्यातली शिवी हासडली आणि तोही हसायला लागला. त्या धुरात डोळ्यांतलं कुठलं पाणी मिरचीचं आणि कुठलं नाही, हे कुणी बघत बसलं नाही.

धूर निवळल्यावर रोमेरोनं पाकिटातला फोटो काढला. वॉर्डनं तो दिव्याखाली धरून पाहिला आणि नाव विचारलं. रोमेरोनं सांगितलं. वॉर्डनं ते नाव एकदा उच्चारलं, मग नीट जमेपर्यंत पुन्हा उच्चारलं. एवढंच. लढाईविषयी कुणी काही बोललं नाही. बाजूला ठेवलेला तो हार वॉर्डनं उचलून रोमेरोपुढं धरला, तेव्हा मात्र मनुबाई मधे पडली. एकाला घातलेला हार दुसऱ्याला चालत नाही. तो तिनं तुळशीच्या बुडाशी टाकला. दुसऱ्या सकाळी कारखान्यात जाण्याआधी वॉर्डनं गाडी बाजारात थांबवायला लावली आणि एक हार घेऊन परत आला. रोमेरोच्या भाच्याचा तो चिमुकला फोटो दाजीच्या फोटोशेजारी फडताळावर उभा राहिला आणि हार त्याला इतका मोठा झाला की फोटो दिसेनासाच झाला.

तेव्हापासून जेवणाची वेळ एक झाली. खुर्च्या मात्र मनुबाईनं टेबलाच्या एकाच बाजूला ठेवल्या. ती म्हणायची, शेजारी बसलेल्या माणसाचं तोंड बघावं लागत नाय, पण वाटी पुढं करावी लागते. कारखान्यातही फोरमनच्या मार्फत चालायचं ते थांबलं. लोकर किती गरम पाण्यात धुवायची आणि यंत्र किती वेगानं सोडायचं, हे त्या दोघांनी शेजारी शेजारी बसून जेवता जेवता ठरवलं. भांडले नाहीत असं नाही. पण भांडले ते लोकरीवरून. नाताळच्या आधी यंत्र पूर्ण वेगानं चाललं आणि पांढरीशुभ्र लोकर दोरासारखी सरळ बाहेर पडताना फणशांनी पाहिली.

जायच्या आदल्या दिवशी मनुबाईनं आवराआवर करताना नकाशावरचं कॅलेंडर काढायला हात घातला. वर्ष संपतच आलं होतं. वॉर्ड म्हणाला, राहू दे. रोमेरोनं मान हलवली: राहू दे. नवं आणलंस तर तेही तिथंच लाव. त्याच्याखाली काय आहे यावर ते दोघं अजूनही एका मताचे नव्हते आणि होणारही नव्हते. मनुबाईनं दर वर्षी नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला लावलं.

बंगला राहिला. फणशांनी शब्द पाळला, पुढच्या वर्षी ती कायम झाली. मालू नर्स झाली. बंगल्यावर मग जपानी आले, जर्मन आले, एकदा एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पंजाबी भागीदार आले, आणि फणसे म्हणत, मनुबाईंच्या हाताखाली पाठवा, तिथं सगळे शेजारी शेजारी बसतात.

नव्वद सालच्या फेब्रुवारीत एका सकाळी फणसे वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आले. इंग्लंड आणि अर्जेंटिना यांनी पुन्हा वकिलाती उघडायचं ठरवलं होतं. फणशांनी बातमी वाचून दाखवली. बेटं कुणाची हा प्रश्न तसाच. त्यावर कुणी आपला हक्क सोडलेला नाही. तो विषय बाजूला ठेवून बाकीचं बोलणं सुरू करायचं, असं ठरलं.

"म्हणजे कॅलेंडर लावलं," मनुबाई म्हणाली.

फणसे हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. हातातली पळी तशीच धरून ती फडताळावरच्या दाजीच्या फोटोकडे बघत होती. त्या उन्हाळ्यात मालूचं लग्न ठरलं होतं, दिवा गावच्या मुलाशी. मुलीकडची सगळी माणसं येणार होती. दाजी गेल्यावरही नाथाचा अबोला सुटला नव्हता; काका येणार की नाही, हे विचारायचं धाडस तुळसालाही झालेलं नव्हतं.

त्याच रविवारी मनुबाई चेंदणीला गेली. कुडाच्या जागी आता विटांची भिंत होती. ती भिंतीला वळसा घालून नाथाच्या दाराशी गेली. नाथा ओट्यावर जाळं शिवत बसला होता. खाडीत टाकायला जागा नव्हती, तरी हात गप्प बसत नव्हते. तिला पाहून त्याची सुई थांबली. आतून तुळसा दारात आली आणि तिथंच खिळून राहिली.

"भावजी," मनुबाई म्हणाली, "खुंटाचं बोलायला मी आले नाय. तो तुमचा का आमचा, ते तिकडंच राहू दे. मालूचं लगीन हाय. मांडवात काका पायजे."

नाथानं सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"आमचं तेच म्हणणं हाय अजून," तो शेवटी म्हणाला. "जागा माझीच."

"माझंपण तेच हाय. जागा त्यांची."

नाथानं मान हलवली, जणू एवढं ऐकायचं राहिलं होतं. मग तो ओट्यावर थोडा सरकला. समोर नाही, शेजारी जागा झाली.

"बस वयनी," तो म्हणाला. "तुळसा, चहा टाक."